पार्ट नंबरवरून ऑपरेशन काढायची क्वेरी: हीट ट्रीटमेंटची ओळच गायब होऊन राहिली, मदत करा

शॉपफ्लोअर_नागपूर
सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत एका मशिनिंग शॉपमध्ये प्लॅनिंग पाहतो, ट्रॅक्टरचे पार्ट असतात बहुतेक, पिना, शाफ्ट, हब असे. शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल, एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, जे काही येते ते काम करता करता शिकलो. आमच्याकडं एकानं बनवून दिलेलं ईआरपी, म्हणजे कारखान्याचं कामकाज सांभाळायचं सॉफ्टवेअर आहे, खाली एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस. त्यात राउटिंग, म्हणजे पार्टवर कोणतं ऑपरेशन कोणत्या क्रमानं होते ते, पाहायची स्क्रीन आहे पण एका वेळी एकच पार्ट दिसते आणि प्रिंट धड येत नाही, म्हणून मी स्वतःच क्वेरी लिहिली होती. पार्ट नंबर टाकायचा, आणि त्याची सगळी ऑपरेशन्स ओळीनं, मशीन, सेटअप टाइम, सायकल टाइम, एका कागदावर. तोच कागद जॉब कार्डासोबत फ्लोअरवर जाते. चार महिने बिनघोर चाललं.

मागच्या आठवड्यात १८० पिनांचा लॉट हातचा गेला. ईएन ३५३ स्टीलची पिन आहे, क्रम असा की १० कटिंग, २० सीएनसी टर्निंग, ३० ग्रीसचं भोक, ४० हीट ट्रीटमेंट, ते बाहेरून करून येते, मग ५० ग्राइंडिंग आणि ६० फायनल इन्स्पेक्शन. माझ्या कागदावर ३० नंतर थेट ५० होतं. नाइट शिफ्टला ग्राइंडिंगवर नवीन पोरगा होता, त्यानं कागद पाहिला, समोर पिना होत्या, त्यानं फायनल साइजला घासून टाकल्या. त्याची चूक नाही, कागदावर जे होतं तेच त्यानं केलं. इन्स्पेक्शनला रॉकवेलवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या मशीनवर, ठेवल्यावर कळलं की ६० च्या आसपास यायला पाहिजे ते काहीच येऊन नाही राहिलं. आता कार्बुरायझिंग, म्हणजे भट्टीत वरचा थर कडक करणं, करा म्हटलं तरी भट्टीत पिन वाकते, साइज बदलते, अन् घासायला माल शिल्लक नाही. म्हणजे भंगारच.

ईआरपीच्या स्क्रीनवर ४० नंबर दिसते. माझ्या क्वेरीत दिसत नाही. जुने ऑपरेटर कागद न पाहताच भट्टीला पाठवत होते म्हणून चार महिने कोणाच्या लक्षात आलं नाही.

क्वेरी शब्दात सांगतो: पार्ट मास्टर, त्याला राउटिंग हेडर पार्ट नंबरवर जोडला, हेडरला राउटिंग डिटेल, डिटेलला मशीन मास्टर मशीन कोडवर, शेवटी पार्ट नंबरची अट आणि ऑपरेशन नंबरनं क्रम. एरर काहीच येत नाही. काऊन गायब होते ते सांगा कोणीतरी, दोन रात्री झोप नाही.

---

क्वेरीवाली
सोमवार, रात्री ११:१५

दादा, जॉइन (दोन टेबलं जोडायची पद्धत) कोणता लावलाय? नुसता जॉइन लिहिला असेल तर तो इनर जॉइन होतो, आणि इनर जॉइनला दोन्ही बाजूला जोडी सापडली तरच ओळ येते. हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेता म्हणजे त्या ऑपरेशनला तुमचं मशीन नाही, मशीन कोडचा रकाना रिकामा म्हणजे नल असणार, तिथं व्हेंडर कोड भरलेला असेल. मशीन मास्टरमध्ये नलला जोडी मिळत नाही, ओळ पडते. एरर येणारच नाही कारण डेटाबेसच्या दृष्टीनं तुम्ही जे मागितलं तेच त्यानं दिलं.

मशीन मास्टरला लेफ्ट जॉइन करून बघा, त्यात जोडी नसली तरी डावीकडची ओळ राहते. आणि फक्त हीट ट्रीटमेंट नाही, बाहेर जाणारं सगळं तपासा, प्लेटिंग, फॉस्फेटिंग, हॉबिंग बाहेर देत असाल तर तेही.

---

शॉपफ्लोअर_नागपूर
सोमवार, रात्री ११:५०

ताई, बरोबर ओळखलं, व्हेंडर कोड भरलेला आहे आणि मशीन कोड रिकामा. पण लेफ्ट जॉइन केला तरी ओळ येऊन नाही राहिली. तीच पाचच्या पाच ऑपरेशन्स. आता लॅपटॉप घरी घेऊन आलोय, सर्व्हरला व्हीपीएननं जोडलंय, काही चेक करायचं असेल तर लगेच सांगा.

---

क्वेरीवाली
मंगळवार, रात्री १२:०४

व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळायच्या अटींमध्ये, मशीनच्या टेबलावर काही अट आहे का?

---

शॉपफ्लोअर_नागपूर
मंगळवार, रात्री १२:०९

हो. भंगारात काढलेली मशीन येऊ नये म्हणून मशीन ॲक्टिव्ह असलं पाहिजे अशी अट आहे. ॲक्टिव्ह बरोबर १.

---

क्वेरीवाली
मंगळवार, रात्री १२:३१

मग तेच. हा सापळा नीट समजून घ्या, कारण यात अनुभवी लोकसुद्धा अडकतात. लेफ्ट जॉइननं हीट ट्रीटमेंटची ओळ आणली, मशीनच्या सगळ्या रकान्यात नल भरून. त्यानंतर व्हेअर लागला, त्यानं विचारलं ॲक्टिव्ह बरोबर १ आहे का, आणि नल बरोबर १ याचं उत्तर हो पण नाही आणि नाही पण नाही, ते "माहीत नाही" असतं. व्हेअर फक्त "हो" वाल्या ओळी ठेवतो. म्हणजे लेफ्ट जॉइननं आणलेलं व्हेअरनं परत फेकून दिलं.

ती अट व्हेअरमधून काढून जॉइनच्या ऑनमध्ये, म्हणजे जोडी जुळवायच्या अटीत, टाका, मशीन कोड जुळला पाहिजे आणि मशीन ॲक्टिव्ह पाहिजे असं. मग अर्थ असा होतो की चालू मशीन सापडलं तर नाव दाखव, नाही सापडलं तर ऑपरेशन तरी दाखव. ऑपरेशन कोणत्याही परिस्थितीत पडता कामा नये, हा नियम धरून चाला.

नकारार्थी अट असेल तिथंही हेच होतं. मशीन कोड अमुक नसलेली ऑपरेशन्स द्या म्हटलं की नलवाली ओळ त्यातही येत नाही.

---

शॉपफ्लोअर_नागपूर
मंगळवार, रात्री १२:४४

आली!! ४० नंबर आला. ताई, काय बोलू, खूप आभार. उद्या सगळ्या चालू पार्टांवर चालवून पाहतो.

---

मास्तर_धरमपेठ
मंगळवार, सकाळी ७:२०

सकाळी सकाळी धागा वाचला. पॉलिटेक्निकला डीबीएमएस, म्हणजे डेटाबेसचा विषय, शिकवतो म्हणून थोडं मागचं सांगावंसं वाटतं. पार्ट शोधणं हा डेटाबेसच्या जन्मातलाच प्रश्न आहे. आयबीएमचं आयएमएस हे डेटाबेस सॉफ्टवेअर १९६० च्या दशकात अपोलो मोहिमेच्या सॅटर्न ५ रॉकेटच्या सुट्या भागांची यादी सांभाळायला उभं राहिलं. ते झाडासारखं होतं, वरून खाली जायला सोपं पण उलटं विचारायचं म्हटलं की अवघड. मग १९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा पेपर लिहिला आणि त्यातली उदाहरणंसुद्धा सप्लायर, पार्ट आणि प्रोजेक्टचीच आहेत. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मेकॅनिकलची पोरं पहिल्यांदा मान वर करून ऐकतात.

तुमच्या कामाची गोष्ट अशी की त्याच टेबलांवरून "या पार्टची ऑपरेशन्स कोणती" आणि "या मशीनवर कोणकोणते पार्ट चढतात" असे दोन्ही प्रश्न विचारता येतात, पण दोघांना इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, वेगळा लागतो. राउटिंग डिटेलवर राउटिंग आयडी आणि ऑपरेशन नंबर असा एक इंडेक्स, आणि मशीन कोडवर दुसरा. आणि पार्ट शोधताना लाइकमध्ये सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह, म्हणजे "इथं काहीही चालेल", देऊ नका, मग इंडेक्सचा उपयोग होत नाही आणि सगळं टेबल वाचावं लागतं.

---

शॉपफ्लोअर_नागपूर
मंगळवार, संध्याकाळी ६:५५

सर, धन्यवाद. आज सगळ्या पार्टांवर क्वेरी चालवली आणि नवीनच प्रकार निघाला. आता काही पार्टांची ऑपरेशन्स डबल येऊन राहिली. एका हबला १४ ओळी आहेत, खरी ऑपरेशन्स ७. दुसऱ्या शाफ्टला तर १० नंतर १००, ११०, १२० आणि मग २०, ३०. आधी हे होतच असेल पण मी फक्त चालू लॉटचे पार्ट काढत होतो म्हणून दिसलं नाही.

एकानं ऑफिसात सांगितलं की डिस्टिंक्ट लावून टाक, डबल जाईल. लावू का?

---

क्वेरीवाली
मंगळवार, संध्याकाळी ७:३०

डिस्टिंक्ट लावू नका! आधी डबल का येतंय ते शोधा. डिस्टिंक्टनं हुबेहूब सारख्या ओळी तेवढ्या जातील, सायकल टाइममध्ये एका सेकंदाचा फरक असला की दोन्ही राहतील, आणि जिथं खरंच दोनदा तेच ऑपरेशन आहे, समजा दोनदा वॉशिंग, आणि तुम्ही ऑपरेशन नंबर निवडलेला नाही, तिथं एक खरी ओळ उडेल. एक ओळ उडाल्यानं काय झालं ते तुम्ही आत्ताच भोगलंय.

१०० आधी येण्याचं कारण ऑपरेशन नंबर टेक्स्ट म्हणून साठवलाय. टेक्स्टमध्ये डावीकडून एकेक अक्षर पाहिलं जातं, १०० आणि २० मध्ये पहिलं अक्षर १ की २, १ लहान, म्हणून १०० पुढं. क्रम लावताना आकड्यात बदलून लावा. कुठं १०ए असं काही भरलं असेल तर मात्र बदलताना एरर येईल, त्यासाठी ट्राय कास्ट वापरा, पण आधी असल्या ओळी वेगळ्या काढून दुरुस्त करा, कारण ट्राय कास्ट तिथं नल देतो आणि एसक्यूएल सर्व्हरला नल सगळ्यात वर येतो.

---

बुटीबोरी_एक्स्प्रेस
मंगळवार, रात्री ९:१०

१४ ओळी म्हणजे दोन रिव्हिजन आहेत भाऊ, नाहीतर दोन राउटिंग, मुख्य आणि पर्यायी. हबचं ड्रॉइंग बदललं असेल, जुनं राउटिंग कोणी बंद केलं नसेल. पार्ट नंबर एक, हेडर दोन, दोन्हीची ऑपरेशन्स आली.

आमच्याकडं एसएपी हे ईआरपी आहे, तिथं हा प्रश्न कसा सोडवलाय ते सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. मटेरियलवरून थेट ऑपरेशन मिळतच नाही. एमएपीएल नावाच्या टेबलात मटेरियल, प्लांट आणि राउटिंगचा ग्रुप, ग्रुप काउंटर असतो. पीएलकेओत हेडर. पीएलपीओत ऑपरेशन. आता नवीन माणूस काय करतो, एमएपीएलमधून ग्रुप नंबर घेतो आणि सरळ पीएलपीओला जोडतो, कारण दोन्हीकडं ग्रुप नंबर दिसतो. पण पीएलपीओच्या कीमध्ये ग्रुप काउंटर नाहीच, म्हणून ग्रुपमधल्या सगळ्या पर्यायी राउटिंगची ऑपरेशन्स एकत्र येऊन पडतात. मधे पीएलएएस घ्यावं लागते, कोणत्या काउंटरला कोणती ऑपरेशन्स ते त्यात असते. मी स्वतः पहिल्या वर्षी ते मधलं टेबल सोडलं होतं आणि मशीन लोडचा रिपोर्ट दुप्पट दाखवून बसलो होतो, मॅनेजर नवीन व्हीएमसी मशीनचं कोटेशन मागवायला निघाले होते.

मग राउटिंग कधीपासून लागू ती तारीख आणि डिलीशनचा झेंडा, म्हणजे "हे काढून टाकलं" अशी खूण, हे दोन्ही पाहायचं. तुमच्याकडं हेडरमध्ये रिव्हिजन, लागू तारीख, मंजूर आहे की नाही असे रकाने आहेत का?

---

शॉपफ्लोअर_नागपूर
मंगळवार, रात्री ९:४०

आहेत भाऊ, तिन्ही आहेत. मी कधी वापरलेच नाही. मोठ्यात मोठं रिव्हिजन घेतलं तर चालेल ना?

---

बुटीबोरी_एक्स्प्रेस
मंगळवार, रात्री १०:०५

नाही चालणार. एक तर आर९ आणि आर१० टेक्स्टमध्ये पाहिलं तर आर९ मोठं निघते, तुमच्या १०० आणि २० सारखंच. दुसरं म्हणजे सगळ्यात नवीन रिव्हिजन अजून मंजूर नसू शकते, ड्रॉइंग आलं म्हणून कोणीतरी राउटिंग अर्धवट भरून ठेवलं आणि कस्टमर म्हणते पुढच्या महिन्यापासून.

म्हणून असं मागायचं: त्या पार्टची मंजूर हेडर्स, ज्यांची लागू तारीख आज किंवा आजच्या आधीची आहे, त्यातलं तारखेनं शेवटचं एक. ओळींना क्रमांक देणारं रो नंबर वापरा, पार्टनुसार पार्टिशन म्हणजे गट, तारखेनुसार उतरता क्रम, एक नंबरचं घ्या. आणि पर्यायी राउटिंग असेल तर ते वेगळं मागायचं, याच्यात मिसळायचं नाही.

जुन्या जॉबसाठी आजची तारीख टाकू नका, जॉब ज्या दिवशी काढला ती टाका. नाहीतर जानेवारीत सुरू झालेल्या लॉटला मार्चचं राउटिंग छापून येईल.

---

इमामवाडा_डेव्ह
बुधवार, दुपारी १:१८

आम्ही एपिकॉर या ईआरपीवर काम करतो, तिथला एक मुद्दा. "पार्टवरून ऑपरेशन" हा प्रश्न जॉबवर विचारला तर जॉब हेडचा पार्ट नंबर पुरत नाही. जॉब हेडवर वरच्या असेंब्लीचा पार्ट असतो. तुमची पिन जर एखाद्या असेंब्लीच्या जॉबमध्ये आतच बनत असेल तर तिचा पार्ट नंबर जॉब असेंब्लीच्या टेबलात मिळेल, आणि ऑपरेशनला जोडताना जॉब नंबरसोबत असेंब्ली सिक्वेन्सही जुळवावा लागेल. ते जुळवलं नाही तर असेंब्लीतल्या सगळ्या पार्टांची ऑपरेशन्स एकमेकांत मिसळतात.

आणि त्याच क्वेरीत कच्चा माल आणू नका. ६ ऑपरेशन आणि ४ मटेरियल दोन्ही पार्टवर जोडले की २४ ओळी. दोन वेगळ्या क्वेरी करा.

जेवायचा डबा उघडा आहे, बाकी रात्री.

---

ग्राइंडर_काका
बुधवार, संध्याकाळी ७:४५

मी कॉम्प्युटरवाला नाही, ३१ वर्षं ग्राइंडिंगवर काढली, आता रिटायर आहो. पुतण्यानं धागा वाचून दाखवला तर राहवलं नाही म्हणून त्याच्याकडून टाइप करून घेऊन राहिलो.

तुम्ही मंडळी कागद दुरुस्त करून राहिले ते चांगलंच आहे. पण बाप्पा, मास्टरमध्ये जे लिहिलं तेच फ्लोअरवर होते असं धरू नका. त्या पिनेला ग्रीसचं भोक पाडलं की बर, म्हणजे कडेला धातूचा पापुद्रा, येते, ती कोणीतरी काढतच असेल, हातानं कानस मारून नाहीतर काउंटरसिंक लावून. तुमच्या यादीत ३० नंतर ते कुठं आहे? ते राहिलं तर भट्टीतून बर कडक होऊन येते आणि मग निघता निघत नाही, चाकाला लागली की चाक खराब. म्हणजे फ्लोअरवर ऑपरेशन आहे, कागदावर नाही. कितीही चांगली क्वेरी लिहा, जे भरलंच नाही ते कुठून निघेल.

दुसरं, तो पोरगा. भट्टीतून आलेल्या पिनेवर कानस फिरवून पाहायची. कडक असली तर कानस घसरते, नरम असली तर खाते. एवढं कोणी त्याला दाखवलं असतं तर पहिल्याच पिनेला थांबला असता. रागावू नका त्याच्यावर, शिकवा.

---

शॉपफ्लोअर_नागपूर
बुधवार, रात्री १०:२०

काका, नमस्कार. तुमचं वाचून आज मुद्दाम शिफ्ट सुटेपर्यंत फ्लोअरवर थांबलो आणि एक एक पार्ट हातात घेऊन विचारलं की याचं खरं काय काय करता. डिबरिंग, म्हणजे बर काढणं, बऱ्याच पार्टांच्या राउटिंगमध्ये नाहीच. त्या हबला तर वॉशिंग दोनदा होते, मास्टरमध्ये एकदाच. पोराला कोणी काही बोललं नाही, मीच सुपरवायझरला सांगितलं की कागद माझा होता.

---

क्वेरीवाली
बुधवार, रात्री १०:५२

काकांनी जे सांगितलं ते आम्ही कधी कोडमध्ये लिहीत नाही. म्हणून दोन वेगळे प्रश्न आहेत हे डोक्यात ठेवा, "पार्ट कसा बनायला पाहिजे" हे मास्टर राउटिंगवरून, आणि "पार्ट खरंच कसा बनला" हे जॉब कार्डाच्या नोंदीवरून. दोन्ही शेजारी ठेवा, फुल आउटर जॉइन करून, म्हणजे मास्टरमध्ये आहे पण कोणी केलं नाही, आणि केलं पण मास्टरमध्ये नाही, अशा दोन्ही ओळी उरतात. तुमच्या १८० पिनांची ४० नंबरची ओळ त्यात पहिल्या दिवशीच उघडी पडली असती.

---

मास्तर_धरमपेठ
गुरुवार, सकाळी ६:५०

एक राहिलं. पार्ट नंबर एक्सेलमधून आणत असाल तर सांभाळा. सुरुवातीची शून्यं एक्सेल खाऊन टाकतं, ३-१२ सारखा पार्ट नंबर तारीख होऊन जातो, आणि १५ अंकांपुढचे अंक शून्य होतात. क्वेरी बरोबर असूनही "पार्ट सापडला नाही" येतं आणि माणूस क्वेरीत चूक शोधत बसतो. रकाना आधी टेक्स्ट करा, मग पेस्ट करा.

---

शॉपफ्लोअर_नागपूर
शनिवार, रात्री ९:३०

अपडेट देतो, कोणाला पुढं सापडला धागा तर कामी येईल. टेबलांची नावं प्रत्येकाची वेगळी म्हणून शब्दातच लिहितो.

आधी पार्टची मंजूर आणि आजपर्यंत लागू झालेली हेडर्स घेतो, त्यातलं तारखेनं शेवटचं एक, फक्त मुख्य राउटिंग. त्याला डिटेल इनर जॉइन, इथं इनरच पाहिजे कारण हेडर आहे आणि ऑपरेशन एकही नाही असा पार्ट छापायचाच नाही, तो वेगळ्या यादीत येते. मग मशीन मास्टर लेफ्ट जॉइन, ॲक्टिव्हची अट ऑनमध्ये. व्हेंडर मास्टरही लेफ्ट जॉइन, मशीन नसेल तिथं त्याच रकान्यात व्हेंडरचं नाव येते, कोअलेसनं, म्हणजे पहिली नल नसलेली किंमत देणाऱ्या फंक्शननं. ज्या ऑपरेशनला मशीनही नाही आणि व्हेंडरही नाही तिथं रकाना मोकळा न सोडता "ठरवा" असं छापून येते, आणि तो कागद माझ्या सहीशिवाय फ्लोअरवर जात नाही. क्रम आकड्यात बदलून.

आणि एक मोजणी घातली, डिटेल टेबलात त्या राउटिंगला किती ऑपरेशन्स आहेत आणि कागदावर किती ओळी आल्या. दोन्ही आकडे कागदाच्या वरच छापले आहेत, मोठ्या अक्षरात. जुळले नाही तर प्रिंट निघत नाही. ही मोजणी पहिल्या दिवशी असती तर १८० पिना वाचल्या असत्या, हे मात्र मनातून जाऊन नाही राहिलं.

ताईंची फुल आउटरवाली तुलना रोज सकाळी ८ ला मेलवर येते. पहिल्याच दिवशी ११ ओळी निघाल्या, त्यातल्या बहुतेक डिबरिंगच्या, म्हणजे ऑपरेटरनं जॉब कार्डावर हातानं लिहिलेलं पण मास्टरमध्ये नसलेलं. ते भरून घेऊन राहिलोय, १० च्या टप्प्यानं नंबर आहेत म्हणून मधे जागा आहे. पिनेला ३५ डिबरिंग टाकलं.

---

ग्राइंडर_काका
रविवार, सकाळी ९:०५

३५ बरोबर. अन् ४५ ला काय टाकलं?

---

शॉपफ्लोअर_नागपूर
रविवार, सकाळी ९:२२

४५ हार्डनेस चेक, काका. लॉटमधल्या ५ पिना रॉकवेलवर, आणि ग्राइंडिंगवर चढवायच्या आधी कानस फिरवून पाहायची. काल नाइटला त्या पोरानं पहिला लॉट असाच तपासून घेतला.